किस्से पुरे, चित्रं दाखवा

सोलापुरात एखाद्या जुन्या पेंटरचा विषय काढून बघा. चहा संपायच्या आत चार किस्से ऐकायला मिळतील. कुणी एप्रिलच्या उन्हात पार्क चौकात रस्त्यावर कोळशानं चित्र काढत बसला होता. कुणी हातात आलेले पैसे त्याच संध्याकाळी उडवले. कुणी गणपतीच्या आदल्या रात्री मंडळाचा पडदा अर्धवट टाकून जो गेला तो विसर्जनानंतरच उगवला. सांगणारा रंगात येतो, ऐकणारे हसतात आणि शेवटी एखादा मान हलवत म्हणतो, "कलाकार माणूस ओ, असंच असतंय त्यांचं." मग मी विचारते, बरं, त्यांचं एखादं चित्र आठवतं का? कोणत्या रंगातलं, कशाचं? बैठक गप्प होते.

माझी तक्रार इथे आहे. लोक त्या माणसांना विसरलेत असं नाही, उलट मोठ्या हौसेनं आठवतात. पण आठवणीत उरलाय तो विक्षिप्तपणा. चित्रं कुठल्या कपाटावर आहेत, किती आहेत, कुणाकडे आहेत, याचा कुणाला पत्ता नाही. किश्श्याला जपायचा खर्च नसतो, चित्राला असतो. त्यामुळे आपण किस्सा जपला.

मी ज्या पेंटरबद्दल लिहिते आहे ते आता नाहीत. त्यांचं नाव मी देणार नाही. घरची माणसं याच गावात राहतात, आणि त्यांच्या घरातल्या आजारपणाची चर्चा चारचौघांत व्हावी की नाही, हे ठरवणारी मी कोण? आमच्या कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तेवढं पुरे.

आप्पांचा चादरींचा कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होता. मास्तर डिझाईनचा ग्राफ काढून द्यायचे. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जॅकार्डच्या मागावर मोर विणायचा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर, एकेक चौकट रंगानं भरत काढावा लागतो. एक चौकट म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा यांची एक भेट. चौकट भरली तर धागा वर, रिकामी ठेवली तर खाली. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोरीनं एकमेकांना ओवायची आणि ती माळ मागावर चढवायची. एक चौकट चुकली की ती चूक प्रत्येक चादरीत त्याच जागी उमटणार. मास्तर खिडकीपाशी बसून हे भरत. आमच्याशी बोलणं मराठीत, मोजणं मात्र तेलुगूत: ओकटी, रेंडू, मूडू... मध्येच कुणी हाक मारली तर मान वर न करता डावा हात उचलायचे. ओळ पुरी झाली की मग "हां, बोला मालक."

ते चित्रंही काढतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांच्या घरी गेले तर चित्रं पाण्याच्या पिंपांमागे होती. बाहेरगावच्या वाचकांसाठी: सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे दोन खोल्यांच्या घरातली निम्मी जागा पिंपांची असते, आणि उरलेल्या वस्तू पिंपांच्या मागे किंवा वर जातात. मास्तरांचे हार्डबोर्ड भिंतीला टेकवून उभे होते आणि खालच्या कडांना ओल चढून त्यांचे पापुद्रे सुटले होते.

त्यातलं एक चित्र मी नीट पाहिलं आहे, त्याबद्दल सांगते. उंबऱ्यात तीन बायका विड्या वळतायत. मांड्यांवर सुपं, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. चेहरे जवळपास नाहीतच, सगळं चित्र हातांचं आहे. सावल्यांना काळा रंग नाही. सोलापुरी चादरीत जो गडद मरून असतो, तो दिलाय. जवळ गेलं की दिसतं, सुपातली पानं ब्रशच्या बारीक चौकोनी ठिपक्यांनी भरलीत, अगदी ग्राफ भरावा तशी. बायकांच्या बोटांपाशी आलं की मात्र चौकट मोडते. तिथे रंग ओला असतानाच बोटानं फिरवलाय. मोजून घ्यायचं काम आणि ते करणारा जिवंत हात, यांतला फरक या माणसानं रंग लावण्याच्या पद्धतीतून दाखवला. हजार विड्यांवर मजुरी मिळते त्या वस्तीत राहणारा माणूसच असं बघू शकतो. थोर चित्र आहे असं मी म्हणणार नाही. डावीकडच्या बाईचा खांदा बसलेलाच नाही, आणि मागची भिंत कंटाळून रंगवल्यासारखी वाटते. पण ती पानं आणि ती बोटं मी दुसऱ्या कुणाच्या चित्रात पाहिलेली नाहीत.

आता मास्तरांबद्दलचा सर्वांत लाडका किस्सा. म्हणे झटका आला की ते स्वतःचीच चित्रं पुसून टाकत. "रात्रीत पांढरं फासायचे ओ, सकाळी बघावं तर बोर्ड कोरा." हे सांगताना लोकांच्या आवाजात जरा कौतुकही असतं. मी त्यांच्या पत्नीला विचारलं. त्या म्हणाल्या, "नवा बोर्ड कुठनं आणायचा ताई? आहे त्याच्यावरच मारायचे." संपला किस्सा. हार्डबोर्डाला पैसे पडतात, तैलरंगाच्या ट्यूबला त्याहून जास्त. म्हणून जुन्यावर सफेदा मारून नवं काढायचं. सिनेमाच्या बॅनरवाल्यांची रीतही हीच होती: पिक्चर उतरला की त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा हिरो. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या हुसेननी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली. तिथली रंगरंगोटी आणि पुसापुशी हा धंद्याचा भाग होता, त्याला कुणी वेड म्हटलं नाही. मास्तरांच्या बाबतीत मात्र गरिबीचा स्वभाव झाला. किस्सा हेच करतो. पैसे नव्हते म्हटलं की ऐकणाऱ्याला खिशाकडे बघावं लागतं, झटका आला म्हटलं की आभाळाकडे बघितलं तरी चालतं.

मास्तर आजारी होते, हे खरं. काही महिने झोप उडायची. त्या महिन्यांत त्यांनी काय काय केलं ते मला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही. त्यातलं एकही दृश्य त्यांच्या चित्रांबद्दल काही सांगत नाही. सांगण्यासारखं आहे ते वेगळंच. वाईट महिन्यांतले त्यांचे ग्राफ चुकीचे असत. चौकटी निसटत, वेलबुट्टी मध्येच सरके, कार्डं पुन्हा पाडावी लागत. चित्रं तर त्या काळात होतच नसत. पुढे त्यांना नियमित औषधं सुरू झाली. मला आवडलेली सगळी चित्रं, विड्या वळणाऱ्या बायकांसकट, त्या नंतरच्या वर्षांतली आहेत. हे मी अंदाजानं म्हणत नाही. मास्तर प्रत्येक बोर्डाच्या मागे पेन्सिलीनं तारीख लिहीत. गोळ्यांची किंमतही त्यांनी मोजली. सकाळी हात थरथरायचा, म्हणून बारीक ग्राफचं काम ते दुपारवर ढकलत. औषधानं सगळं गोड झालं असं नाही. पण आजारानं चित्र काढवलं म्हणणाऱ्यांनी त्या तारखा एकदा बघाव्यात.

वेड आणि प्रतिभा यांची जोडी लावताना लोक हमखास व्हॅन गॉगचं नाव घेतात. कान, गव्हाचं शेत, पिस्तूल. पण व्हॅन गॉगची पत्रं नीट वाचली तर दिसतो तो झटक्यांच्या मधल्या बऱ्या काळात घाईघाईनं काम उरकणारा माणूस. झटका आला की आठवडेच्या आठवडे वाया जात, आणि त्याचंच त्याला दुःख. आणि चित्रं उरली कशी? १८९० च्या जुलैमध्ये तो गेला, पुढच्या जानेवारीत त्याचा भाऊ थिओ गेला. मागे राहिली थिओची बायको, योहाना. अठ्ठावीस वर्षांची, पदरी एक वर्षाचं मूल, आणि घरात न विकली गेलेली शेकडो चित्रं. तिनं हॉलंडमधल्या एका लहान गावात भाडेकरू ठेवून संसार चालवला. चित्रं जपली, प्रदर्शनं भरवली, कुठलं चित्र कुणाला आणि कितीला दिलं याचा जमाखर्च वहीत लिहिला. व्हॅन गॉगनं थिओला लिहिलेली पत्रं लावून १९१४ साली छापली. लंडनच्या नॅशनल गॅलरीला ‘सूर्यफुलं’ तिनं दिली ती १९२४ मध्ये, म्हणजे तीसहून अधिक वर्षांनी. जगाला व्हॅन गॉग मिळाला तो त्या वहीमुळे. कापलेल्या कानाच्या गोष्टीवर एकही चित्र टिकलं नसतं.

आमच्याकडे ती वही कुणी लिहावी, हा खरा प्रश्न आहे. मास्तरांच्या पत्नीनं? त्या स्वतः विड्या वळून घर चालवत होत्या.

सोलापुरात हा प्रश्न जास्त टोचतो, त्यामागे या शहराचा इतिहास आहे. कोल्हापूरला दरबार होता. आबालाल रहिमानांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि पुढे चित्रकारांची अख्खी परंपरा तिथे रुजली. चंद्रकांत मांडरे यांनी आपली चित्रं शासनाच्या हवाली केली, त्यांचं संग्रहालय आज उभं आहे. औंधसारख्या एवढ्याशा संस्थानात पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय बांधलं. सोलापूर हे गिरण्यांचं गाव, थेट इंग्रजी अमलाखालचं. (शेजारी अक्कलकोटचं संस्थान होतं, पण तिथल्या राजवाड्याचं नाव झालं ते शस्त्रागारासाठी.) इथल्या चित्रकाराचे आश्रयदाते म्हणजे गिरणीतलं डिझाईन खातं, चादरीचे कारखानदार, थिएटरवाले, गणेश मंडळं आणि फार तर शाळेतली ड्रॉइंग मास्तरची नोकरी. या सगळ्यांना चित्र हवं असतं ते वापरून संपवण्यासाठी. पडदा दहा दिवसांचा, बॅनर पिक्चर चालेल तितक्या आठवड्यांचं, चादर विरेपर्यंत. राजवाड्यात चित्राला भिंत मिळते. आमच्याकडे त्याला धुणं मिळालं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मग फ्लेक्स आला आणि रंगवणारे हात रिकामे झाले.

कायद्यानंही या भेदावर शिक्का मारलाय. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. १९५७ च्या याच कायद्यात कलम ५३ अ आहे: मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत १० हजारांच्या वर गेली, तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त १० टक्के. कागदावर छान. आता मास्तरांचा मोर बघा. जे डिझाईन डिझाईन कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्यावरचा कॉपीराइट त्याच्या ५० पेक्षा जास्त प्रती यंत्रावर निघाल्या की संपतो. पन्नास चादरी निघायला किती वेळ लागतो ते कुठल्याही कारखानदाराला विचारा. आप्पांनी मास्तरांना ग्राफमागे ठरलेले पैसे दिले. बाजारभाव तोच होता, बाकीचेही तेवढेच देत. तो मोर पुढे वर्षानुवर्षं विणला गेला, दुसऱ्यांच्या कारखान्यांतही गेला, आणि मास्तरांना त्यातलं काही मिळालं नाही, मिळायची सोयच नव्हती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे गावाच्या नावाचं संरक्षण झालं, पण डिझाईन काढणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नाही.

दुसऱ्या टोकाला, २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या पहिल्या लिलावात वासुदेव गायतोंड्यांच्या एका चित्राला २३ कोटींच्या वर बोली लागली. गायतोंडे तर २००१ मध्येच गेले होते. आयुष्यभर कमी बोलणारा, एकटा राहणारा हा माणूस. त्यांच्या एकांताबद्दल जेवढं लिहिलं गेलं तेवढंच त्यांच्या रंगाच्या थरांबद्दलही लिहिलं गेलं, कारण चित्रं समोर होती. चित्र समोर असलं की माणसाचा स्वभाव आपोआप आपल्या जागी जाऊन बसतो.

सरकार काहीच करत नाही असं म्हणायची सोय नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५० च्या दशकापासून आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि महिन्याला ५ हजार रुपये मिळतात. पण अर्जासोबत पुरावा लागतो: प्रमाणपत्रं, कात्रणं, कार्यक्रमांचे कागद. कीर्तनकाराकडे, तमाशा कलावंताकडे निदान पत्रिका तरी असते. ज्याचं आयुष्यभराचं काम लोकांच्या अंथरुणावर पसरलेलं आहे आणि ज्याची सही कशावरच नाही, त्यानं कसला कागद जोडायचा? नोंद नाही म्हणून मानधन नाही, आणि मानधन नाही म्हणून जुन्या चित्रावर पांढरा रंग.

उपचारांचंही असंच. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. सोलापूरच्या माणसाला त्यातल्या त्यात जवळ येरवडा, तेही अडीचशे किलोमीटरवर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क ठरवला, आता १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून बोलताही येतं. हे मास्तरांच्या तरुणपणी नव्हतं. तेव्हा काय होतं? "कलाकार माणूस, असंच असतंय." हे वाक्य प्रेमानंच उच्चारलं जायचं, पण त्यानं डॉक्टरकडे जायला कैक वर्षं उशीर केला. लेथवर काम करणारा कामगार रात्र रात्र झोपला नसता, तर कुणीतरी त्याला दवाखान्यात नेलं असतं. चित्रकार म्हणून मास्तरांना ती सवलत नाकारली गेली.

यावर लोक मला दोन गोष्टी सुनावतात. पहिली: गावातल्या प्रत्येक हौशी पेंटरचं संग्रहालय काढायचं का? अजिबात नको. संग्रहालय म्हटलं की भूमिपूजन आलं, कोनशिला आली, आणि मग दहा वर्षं कुलूप. मी मागते आहे ती फक्त नोंद. चित्राचा पुढून एक फोटो, मागून एक. लांबी-रुंदी, कशावर काढलंय, कशानं काढलंय, तारीख असली तर तारीख, सध्या कुणाकडे आहे, त्यांच्याकडे कसं आलं. फोनचा कॅमेरा, टेप आणि संगणकावरचा एक तक्ता एवढ्यात भागतं. चांगलं-वाईट ठरवणारे पुढे येतील, पण ठरवायला समोर काही हवं ना. माझ्या पिढीला जे कच्चं वाटतं ते पुढच्यांना वाटेलच असं नाही. डावीकडच्या बाईच्या खांद्याबद्दल मी वर जे बोलले, त्यावर कुणीतरी माझ्याशी भांडावं. त्यासाठीही ते चित्र उरायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. घरच्यांना हे सगळं मिटवायचं असतं. बोर्ड दिसला की ते दिवस आठवतात. एका घरात मला स्पष्ट सांगितलं, "गेलं ते गेलं, आता नको ते." त्यांचं बरोबर आहे. पण त्यांनाही नकोसा झालाय तो किस्सा. बाहेरच्यांनी चित्रांबद्दल कधी विचारलंच नाही, आले ते गंमत ऐकायला आले, मग घरच्यांनी दार लावून घेतलं यात नवल काय? मास्तरांच्या मुलाला मी आजारपणाचं अवाक्षर न काढता एवढंच विचारलं, हा मरून रंग ते कसा बनवायचे? तो बराच वेळ बोलला. नुसत्या ट्यूबमधला लाल त्यांना चालत नसे, त्यात ते थोडा हिरवा मिसळत आणि काचेच्या तुकड्यावर चाकूनं घोटत बसत. ही आठवण आहे. ही नोंदीत जायला हवी.

तेव्हा जो कुणी गावातल्या दिवंगत चित्रकारावर लिहायला बसेल, वर्तमानपत्रात असो की व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यानं निदान एका चित्राचं नीट वर्णन केल्याशिवाय दारूचा आणि वेडाचा उल्लेख करू नये, असा माझा आग्रह आहे. थोडा हट्टी आग्रह आहे, मान्य. विद्यापीठानं, महापालिकेनं किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागानं दर वर्षी दोन-चार विद्यार्थ्यांना हे नोंदीचं काम प्रकल्प म्हणून द्यावं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी शेकडो मुलं या जिल्ह्यात आहेत. स्थिरचित्रात मडकं आणि वांगी काढून झाली की त्यांना गल्लीतल्या एका पेंटरच्या घरी पाठवा, टेप घेऊन.

आणि कारखानदारांना एक विनंती, कारण याची घाई आहे. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यापासून पुठ्ठ्याच्या कार्डांच्या माळा रद्दीच्या भावानं जातायत, सोबत जुने ग्राफही. गोणी उचलून द्यायच्या आधी ग्राफ बाजूला काढा आणि त्यांचे फोटो घ्या. कागद उलटा करून मागची बाजूही घ्या. डिझाईन काढणारे पुष्कळदा तिथेच तारीख टाकत, आणि एखाद्यानं नावही टाकलेलं असतं.